म्हातारपणाचे दुखणे आणि विम्याचा हक्क

(ज्येष्ठ नागरिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे तो टाळ्या मिळविणारा विषय नव्हे. घरातील वृद्ध माणूस आजारी पडले म्हणजे रुग्णालयाचे बिल कोण आणि कशातून भरणार, हा तो विषय होय. हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. परंतु आजारपण येईपर्यंत आपण तो विचारीत नाही, आणि आजारपण आले म्हणजे विचार करावयास वेळ उरत नाही. मग पतपेढीचे कर्ज, नातेवाईकांची उसनवारी आणि शेवटी आईच्या गळ्यातील मणी, या क्रमाने आपण खाली उतरत जातो. दोन पिढ्यांनी शिकून, नोकऱ्या करून जे जमविले ते एका आठवड्यात रुग्णालयाच्या काउंटरवर जाते.

मी वकील आहे. कायद्याचे पुस्तक उघडून आपल्याला कलमे वाचून दाखविणे मला सोपे आहे. पण त्यापूर्वी माझ्याच घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्यावाचून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

2016 साली मी माझ्या आईसाठी आरोग्य विम्याची पॉलिसी घेतली. तेव्हा तिचे वय बासष्ट वर्षांचे होते आणि नऊ वर्षांपासून तिला मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती. विमा कंपनीचा एजंट घरी आला. प्रस्तावपत्रात, म्हणजे ज्याला आपण प्रपोजल फॉर्म म्हणतो त्यात, आजारांची एक लांबलचक यादी असते व प्रत्येकापुढे होय किंवा नाही असे लिहावयाचे असते. एजंट म्हणाला, "वकीलसाहेब, साखर लिहिलीत तर हप्ता वाढेल, कदाचित प्रस्तावच परत येईल. काही वर्षे गेली की सगळे चालते." त्याने सगळीकडे नाही लिहिले. मी सही केली. फॉर्म मी वाचला नाही, कारण मला न्यायालयात जाण्याची घाई होती.

2018 साली आईच्या छातीत दुखू लागले. रुग्णालयात तिला दाखल केले, स्टेंट बसविला, ती वाचली. कंपनीकडे दोन लाख चाळीस हजारांचा दावा केला. तो फेटाळला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. पुरावा कोणता होता? दाखल होताना एका तरुण डॉक्टरने आईला विचारले होते, "आजी, काही जुने आजार?" आईने खरे तेच सांगितले होते : साखर, अकरा वर्षांपासून. ते त्याने केसपेपरवर टिपून ठेवले होते. न शिकलेल्या आईने खरे सांगितले आणि कायदा शिकलेल्या मुलाने खोट्यावर सही केली, असा तो प्रकार होता. मी तक्रारी केल्या, अर्ज केले. परंतु माझी सही माझ्यासमोर ठेवली गेली. "साहेब, न वाचता सही केली हो" असे म्हणणाऱ्या पक्षकारांना मी वर्षानुवर्षे जे उत्तर देत आलो, तेच उत्तर मला ऐकावे लागले. पैसे मेहुण्यांकडून घेतले. ते फेडावयास तीन वर्षे लागली.

ही कथा मी कोणत्या कंपनीला दोष देण्यासाठी सांगत नाही. कंपनीने कायद्याप्रमाणे केले. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की वृद्धांसाठी आज विम्याच्या वाटा पूर्वीपेक्षा अधिक मोकळ्या झालेल्या आहेत. पण त्या वाटेने जाणाराचे कागद खरे आणि वेळेवर तयार असावे लागतात. आजारपण आल्यानंतर कागद जमवू, असे म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही.

आता या वाटा कोणत्या, ते पाहू.

ज्यांच्या घरात सत्तर वर्षे पूर्ण झालेले माणूस आहे त्यांनी प्रथम आयुष्मान वय वंदना कार्डाचा विचार करावा. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 2018 साली सुरू झाली, तेव्हा ती ठराविक गरीब कुटुंबांपुरती होती. 29 ऑक्टोबर 2024 पासून तिच्यात सत्तर व त्यापुढील वयाच्या प्रत्येक नागरिकास घेण्यात आले. येथे 'प्रत्येक' हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे. उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही, शिधापत्रिकेचा रंग पाहिला जात नाही, मुलगा अधिकारी आहे की हमाल आहे हे विचारले जात नाही. वय पाहिले जाते, आणि तेही आधार कार्डावरील. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार, योजनेने अंगीकृत केलेल्या सरकारी वा खाजगी रुग्णालयात, पैसे न भरता होतो. घरातील मंडळी आधीच या योजनेत असतील, तर सत्तरीच्या माणसासाठी हे 5 लाख त्यांच्याहून वेगळे मिळतात. घरातील तरुण माणसे त्यात वाटेकरी होत नाहीत. मात्र एकाच घरात सत्तरीचे नवरा-बायको असतील, तर ते 5 लाख त्या दोघांत मिळून आहेत. प्रत्येकी 5 लाख असा पुष्कळांचा समज झालेला मी ऐकला आहे. तो चुकीचा आहे.

या योजनेचा मोठा गुण असा की जुना आजार तिच्या आड येत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार पूर्वीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतो. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी आल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधेही तिच्यात धरलेली आहेत. खाजगी पॉलिसी असणाऱ्यास किंवा कामगार विम्याचा लाभ घेणाऱ्यास हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत असलेल्या निवृत्त कर्मचाऱ्यांना आणि माजी सैनिकांच्या योजनेतील मंडळींना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते. एकदा निवडल्यावर मागे फिरणे सोपे नसते, म्हणून आपल्या जवळचे कोणते रुग्णालय कोणत्या योजनेत आहे हे पाहूनच त्यांनी निर्णय करावा.

माझ्या आईचे कार्ड आम्ही 2024 सालच्या अखेरीस काढले. सेवा केंद्रावरील मुलाने आधार क्रमांक घेतला, बोटाचा ठसा घेतला, फोटो काढला. बाहेर आल्यावर आईने विचारले, "साखरेचं लिहिलंस ना रे यात?" ते येथे लिहावेच लागत नाही, हे तिला पटविण्यास मला बराच वेळ लागला.

एक सेवानिवृत्त शिक्षक माझ्या कार्यालयात आले होते. वय चौऱ्याहत्तर. त्यांना मी कार्डाविषयी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, आता सरकारचे दान कशाला घेऊ?" मला त्यांच्या स्वाभिमानाबद्दल आदर आहे. परंतु हे दान आहे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. आपल्या राज्यघटनेच्या 41 व्या कलमात वार्धक्य, आजारपण व अपंगत्व या प्रसंगी नागरिकास सार्वजनिक साहाय्य मिळविण्याचा अधिकार राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत उपलब्ध करून द्यावा, असे सांगितले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारे थेट न्यायालयात दावा लावता येत नाही, हे वकील म्हणून मला सांगितलेच पाहिजे. तरीही घटनेने त्याला अधिकारच म्हटले आहे, भीक म्हटलेले नाही. आणि या शिक्षकांनी चाळीस वर्षे मिठाच्या पुड्यापासून आगगाडीच्या तिकिटापर्यंत जे कर भरले, ते कोणाच्या खिशातून गेले?

विमा ही गोष्ट आपल्या चळवळीला परकी आहे असेही कोणी समजू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 साली प्रा. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले. त्यांचा अहवाल 1944 साली आला, आणि त्यातूनच पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. 1947 साली घटना समितीसाठी लिहिलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा हा राज्याचाच व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकास त्याच्या वेतनाच्या मानाने आयुर्विमा सक्तीचा असावा, असे सुचविले होते. तसे घडले नाही. आज विमा हा पुष्कळसा खाजगी व्यापार झाला आहे, आणि म्हणूनच तो समजून घेण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे.

त्या 1948 च्या कायद्याचा एक लाभ निवृत्त कामगारांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. ज्याने विमा लागू असलेल्या नोकरीत निदान पाच वर्षे काढून वयपरत्वे निवृत्ती घेतली, त्यास स्वतःसाठी व पत्नी वा पतीसाठी कर्मचारी राज्य विम्याचा वैद्यकीय लाभ पुढेही घेता येतो, आणि त्यासाठी वर्षाला भरावयाचे असतात 120 रुपये. होय, महिन्याला दहा रुपये. घरातील कोणी कारखान्यात, छापखान्यात, हॉटेलात किंवा दुकानात काम करून निवृत्त झाले असेल, तर त्यांचा जुना विमा क्रमांक शोधून काढा. तो कागद कपाटात तळाशी असतो.

सत्तरीच्या आतील मंडळींचे काय? साठ ते सत्तर हे वय मोठे अडचणीचे आहे. नोकरी संपलेली असते, दुखणी सुरू झालेली असतात आणि वय वंदना कार्डाचे वय आलेले नसते. महाराष्ट्रातील कुटुंबांस यासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती 2012 साली दुसऱ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पूर्वी तिच्यात पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांस वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते. 2023 सालच्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबे तिच्यात आली व मर्यादा 5 लाखांची झाली. प्रत्यक्ष अंमल 1 जुलै 2024 पासून झाला. येथे कागद दोन : शिधापत्रिका आणि फोटो असलेले ओळखपत्र. "आम्ही रेशन घेत नाही, कार्ड कशाला जपावयाचे?" असे सुस्थितीतील आपली मंडळी म्हणतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की आज शिधापत्रिका हा धान्याइतकाच उपचाराचाही कागद आहे. तिच्यावर वृद्ध आईवडिलांचे नाव आहे की नाही, ते घरी गेल्यावर पाहावे.

या योजनेतील उपचार ठरलेल्या यादीतील असतात आणि रुग्णालयेही ठरलेली असतात. कोणत्याही रुग्णालयात जाऊन नंतर पावत्या सादर करू, असे येथे चालत नाही. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा मनुष्य बसतो. दाखल होताना प्रथम त्यालाच गाठावे, डॉक्टरांच्या खोलीबाहेर ताटकळत बसू नये. मंजुरीचे काम तोच पुढे नेतो. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी रुग्णालय पैसे मागू लागले, तर पैसे देण्याआधी कारण लेखी मागावे आणि 155388 या क्रमांकावर तक्रार करावी. वय वंदना कार्डासंबंधीचा क्रमांक 14555 आहे. हे क्रमांक भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. रात्री दोन वाजता मोबाईलमध्ये शोधत बसणे कोणाला जमत नाही.

एक उणीव स्पष्टच सांगतो. या दोन्ही योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. दर महिन्याची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, डॉक्टरांची फी, म्हणजे म्हातारपणाचा जो रोजचा खर्च, तो त्यात नाही. त्यासाठी सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवू नये. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

आता विकत घेतलेल्या पॉलिसीकडे येतो. या सर्व योजना असता ती कशाला, असे आपण विचाराल. ज्या रुग्णालयात आपल्याला जावयाचे आहे ते योजनेत नसले, अथवा लागणारा उपचार यादीत नसला, तर हातात पॉलिसी असलेली बरी. कुवत असेल त्याने ती घ्यावी. कर्ज काढून हप्ते भरू नयेत. वृद्धांचा हप्ता मोठा असतो, यात शंका नाही. अलीकडच्या नियमांनी थोडा दिलासा मिळाला आहे. विमा नियामक मंडळाने 2024 साली वयाची जुनी अट काढून टाकली. पासष्टीनंतर नवीन पॉलिसी मिळतच नाही ही तक्रार आता त्या रूपात उरली नाही, जरी प्रकृती पाहून प्रस्ताव नाकारण्याची मुभा कंपनीस आहेच. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात शेकडा 10 हून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीस आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो, असा आदेश जानेवारी 2025 मध्ये निघाला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. दावा केला म्हणून कंपनीस पुढील वर्षी नूतनीकरण नाकारता येत नाही.

मुलाच्या नोकरीतून मिळणाऱ्या सामूहिक विम्यात आईवडिलांचे नाव असेल तर उत्तमच. त्यात जुने आजारही पुष्कळदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. पण नोकरी गेली की तो विमा गेला. तो एकच आधार धरून राहू नये. नोकरी सुटताच त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, तिची चौकशी त्याच आठवड्यात करावी.

पॉलिसी घेताना लोक पहिल्या पानावरील मोठा आकडा पाहतात. तो पाहू नये असे नाही. पण बिलातून पैसे कापले जातात ते आतील पानांवरील दोन वाक्यांमुळे. एक खोलीभाड्याची मर्यादा आणि दुसरे रुग्णाचा हिस्सा, ज्याला को-पे म्हणतात. उदाहरण घेऊ. पॉलिसी 3 लाखांची आहे. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या शेकडा 1, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. आपण आईसाठी 6,000 रुपयांची खोली घेतली. चार दिवसांचे बिल 1,60,000 रुपये झाले : खोली 24,000, डॉक्टर, शस्त्रक्रिया व शुश्रूषा मिळून 76,000, औषधे व तपासण्या 60,000. आपण समजतो की फार तर खोलीचे 12,000 आपल्या अंगावर येतील. तसे होत नाही. खोली दुप्पट घेतली, म्हणून खोलीशी निगडित असलेला 76,000 चा खर्चही निम्मा धरला जातो. औषधे व तपासण्या यांना ही काटछाट लागू होत नाही. म्हणजे मंजूर झाले 12,000, 38,000 आणि 60,000, एकूण 1,10,000. त्यावर शेकडा 20 को-पे असेल तर आणखी 22,000 गेले. हाती आले 88,000 आणि खिशातून गेले 72,000. खोली मर्यादेतील घेतली असती तर? बिलच कमी झाले असते आणि अंगावर आला असता केवळ को-पे. तेव्हा रुग्णालयाच्या दारात "चांगली खोली द्या" असे म्हणण्याआधी पॉलिसीतील ते वाक्य वाचलेले असावे. आईवरचे प्रेम खोलीच्या भाड्याने मोजण्याचे कारण नाही.

इंग्रजी वाचता येत नाही, ही सबब आता सांगू नये. प्रत्येक पॉलिसीबरोबर मुख्य अटींचे एक संक्षिप्त माहितीपत्रक कंपनीने द्यावयाचे असते, आणि विमेदाराने मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे असा नियम आहे. मराठीत मागा. वाचून अटी पसंत पडल्या नाहीत, तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

आणि आता पुन्हा त्या प्रस्तावपत्राकडे. माझ्या घरातील चूक आपल्या घरात होऊ नये म्हणून येथे थोडे थांबतो. विम्याचा करार परम सद्भावाचा करार मानला जातो. आपल्या प्रकृतीविषयी जे आपल्याला ठाऊक आहे ते कंपनीस ठाऊक नसते, म्हणून विचारलेले खरे सांगण्याचे बंधन आपल्यावर असते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधवेचे प्रकरण आले होते. तिच्या पतीने मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार न सांगता पॉलिसी घेतली आणि वर्षाच्या आतच ते वारले. न्यायालयाने दावा फेटाळण्याचा कंपनीचा निर्णय योग्य ठरविला. याच्या उलट 2021 सालचे प्रकरण पाहा. परदेशी प्रवासासाठी पॉलिसी घेणाऱ्या गृहस्थांनी मधुमेह असल्याचे सांगितले होते. अमेरिकेत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचे यांनी सांगितले नाही. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले नाही. मधुमेह ठाऊक असूनही पॉलिसी दिली, तर नंतर त्याच प्रकृतीचे कारण पुढे करून दावा नाकारता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. दोन्ही रुग्ण मधुमेहीच. एकाने सांगितले, एकाने सांगितले नाही.

खरे सांगितल्याने तोटा तो किती? हप्ता काहीसा वाढेल आणि त्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लागेल. हा प्रतीक्षाकाळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. 2024 च्या नियमांप्रमाणे तो जास्तीत जास्त 36 महिन्यांचा आहे. म्हणजे साठाव्या वर्षी खरे सांगून घेतलेली पॉलिसी त्रेसष्टाव्या वर्षी त्या जुन्या आजारालाही उपयोगी पडते. अट एकच : मध्ये हप्ता चुकवून पॉलिसी तुटू द्यावयाची नाही. सलग 60 महिने पॉलिसी चालली, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपविल्याचे कारण कंपनीस पुढे करता येत नाही. काही एजंट याच नियमाचा आधार घेऊन "पाच वर्षे गप्प बसा" असा सल्ला देतात. तो ऐकू नये. आजार एजंटचे वेळापत्रक पाहून येत नाही, आणि जाणूनबुजून लपविणे हीच फसवणूक नव्हे काय, हा वाद मग आपल्यालाच लढावा लागतो.

फॉर्म एजंटला भरू द्या, पण प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचून घ्या आणि ते ज्यांच्यासंबंधी आहे त्या वृद्ध माणसासमोर वाचा. सही केलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि फॉर्म यांत एकच गोष्ट लिहिलेली असली पाहिजे.

एवढे करूनही दावा फेटाळला गेला तर? घाबरू नये आणि गप्पही बसू नये. रुग्णालयात पैसे न भरता उपचाराची परवानगी कंपनीने एका तासात व घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा नियम आहे. विलंब झाला तर वेळ लिहून ठेवा. नकार लेखी घ्या, आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नकार दिला ते त्यात आहे का पाहा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास लिहा. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, आणि वकीलही लागत नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हे ऐकून आनंद होणार नाही, पण खरे आहे ते सांगितले पाहिजे. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगाकडे जावयाचे तर मुदत दोन वर्षांची. भरलेला हप्ता 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी पडत नाही. माझ्याकडे जे लोक येतात त्यांतील कित्येकांची बाजू खरी असते, पण मुदत गेलेली असते.

मुलांसाठीही एक शब्द. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात निर्वाह या शब्दाच्या व्याख्येतच औषधोपचार आलेला आहे. आईवडिलांचा उपचार ही कायद्यानेही मुलांची जबाबदारी आहे. कार्ड काढून देणे, फॉर्म वाचून दाखविणे, हा त्या जबाबदारीचा सर्वांत स्वस्त भाग होय. मुलगी दूर सासरी असली तरी फोनवरून तारखा तपासू शकते.

शेवटी नावांविषयी आणि तारखांविषयी, कारण आपल्या कुटुंबांत ही अडचण विशेष आहे. पुष्कळांनी आडनावे बदलली. शिधापत्रिकेवर जुने नाव राहिले, आधारवर नवे आले, बँकेत तिसरेच आहे. राजपत्रातील नावबदलाची प्रत काढून ठेवावी आणि एकेक कागद जुळवून घ्यावा. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना जन्मतारीख ठाऊक नसल्यामुळे आधार काढताना कोणी अंदाजाने वर्ष सांगितले आणि तेच नोंदले गेले. खरे वय बहात्तर आणि आधारवर अडुसष्ट, अशी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना वय वंदना कार्डासाठी आणखी दोन वर्षे थांबावे लागते. आधारवरील जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच, आणि तीही पुराव्यानिशी, बदलून मिळते. शाळेचा दाखला, जुना नोकरीचा कागद, निवृत्तिवेतनाचे पुस्तक यांपैकी जे असेल ते काढा. शाळेत एक वर्ष जरी गेले असतील, तरी त्या गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव असते. सुट्टीत गावी जाल तेव्हा मुख्याध्यापकांना अर्ज देऊन तो उतारा मागा.